वारस, नॉमिनी आणि मृत्युपत्र: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी वारसाहक्काविषयीची चार पत्रे निवडली आहेत. उत्तरे हिंदू वारसा कायदा, 1956 ज्यांना लागू आहे अशा हिंदू, बौद्ध, जैन व शीख वाचकांपुरती आहेत. इतरांचे नियम वेगळे आहेत.

प्रश्न: मी 29 वर्षांचा, अविवाहित आहे. बँक, म्युच्युअल फंड, डीमॅट सगळीकडे वडील नॉमिनी आहेत. तरीही मृत्युपत्र करावे का?

उत्तर: नॉमिनी रक्कम स्वीकारतो, तेवढ्याने तो मालक होत नाही. शेअर्सनाही हेच तत्त्व लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता पहिल्या वर्गातील वारसांकडे (कायद्याने सर्वात आधी हक्क दिलेल्या जवळच्या नातेवाइकांकडे) जाते, आणि अनेकांना आश्चर्य वाटेल, पण त्या वर्गात आई आहे, वडील नाहीत. म्हणजे पैसे वडील काढतील आणि हक्क मात्र आईचा राहील. घरात एकोपा असेल तर हा भेद जाणवणारही नाही. परंतु वडिलांना किंवा बहिणीला काही द्यावयाचे असेल, तर एक पानाचे मृत्युपत्रही पुरेसे आहे. विवाहानंतर ते नव्याने करावे, कारण हिंदू व्यक्तीचे जुने मृत्युपत्र विवाहामुळे आपोआप रद्द होत नाही आणि पत्नीचा त्यात उल्लेख नसेल.

प्रश्न: आम्हा पती-पत्नींना सहा वर्षांची मुलगी आहे. फ्लॅट पतीच्या एकट्याच्या नावावर आहे. त्यांच्या पश्चात तो मलाच मिळेल ना?

उत्तर: मृत्युपत्राशिवाय नाही. तुम्ही, मुलगी आणि हयात असल्यास सासूबाई यांना समान हिस्सा मिळेल. पुढे फ्लॅट विकायचा झाल्यास सासूबाईंची सही लागेल आणि अज्ञान (18 वर्षांखालील) मुलीच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. पतींनी मृत्युपत्र केल्यास ही अडचण टळेल. तुम्ही दोघांनीही आपापल्या स्वतंत्र मृत्युपत्रांत मुलीसाठी पालक म्हणून एकाच व्यक्तीचे नाव लिहावे आणि त्या व्यक्तीला आधी विचारावे.

प्रश्न: मी 58 वर्षांची, निवृत्त शिक्षिका आहे. पती हयात नाहीत, अपत्य नाही. माझ्या पगारातून घेतलेले घर भाचीला मिळावे असे वाटते. सख्ख्या बहिणीची मुलगी असल्याने ते तिलाच जाईल, असे सगळे म्हणतात.

उत्तर: सगळे चुकत आहेत, आणि या चुकीची किंमत भाचीला मोजावी लागेल. अपत्य आणि पती नसलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ता, मृत्युपत्राअभावी, पतीच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आई-वडीलही त्यांच्यानंतर येतात. केवळ आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ताच, मुले व नातवंडे नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात विवाहानंतर अल्पावधीतच विधवा झालेल्या आणि सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या स्त्रीने माहेरी राहून नोकरी करून जमवलेली संपत्ती अखेर सासरच्या वारसांना मिळाली. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली, पण कायद्याची भाषा स्पष्ट असल्याने निकाल तसाच द्यावा लागला. माझ्या मते ही तरतूद अन्यायकारक आहे. परंतु ती बदलेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

तुमच्या हातात मृत्युपत्र आहे. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. सही मात्र दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्यांनीही तुमच्यासमोर सह्या कराव्यात. भाचीला किंवा तिच्या पतीला साक्षीदार करू नये. वयाने तुमच्यापेक्षा लहान असे त्रयस्थ बरे, कारण न्यायालयात साक्ष देण्याची वेळ कदाचित वीस वर्षांनी येईल. घराचे वर्णन खरेदीखतातील शब्दांतच उतरवावे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक नेमावा. सासरच्या मंडळींकडून हरकत येण्याची शक्यता असल्याने दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करणे आणि तुम्ही मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचे त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत ठेवणे श्रेयस्कर. संशय घेणाऱ्याला पहिला धक्का तिथेच बसतो.

प्रश्न: माझे वय 74. मुलगा म्हणतो, "बाबा, नंतर कटकट नको, घर आत्ताच माझ्या नावावर करा." काय करावे?

उत्तर: घाई करू नये. नोंदणीकृत बक्षीसपत्राने (मालमत्ता मोबदल्याशिवाय देण्याच्या दस्ताने) मालकी लगेच जाते आणि मन बदलले म्हणून ती परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते. मुलाचा हेतू चांगला असेल तर मृत्युपत्रानेही त्याचे काम होते. बक्षीसपत्रच करायचे ठरले, तर हयातभर त्या घरात राहण्याचा तुमचा आणि तुमच्या पत्नीचा हक्क आणि मुलाने देखभाल करण्याची अट दस्तातच स्पष्ट लिहावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार देखभालीची अशी अट मोडल्यास त्या कायद्याखालील न्यायाधिकरण हस्तांतरण रद्द ठरवू शकते. तोंडी आश्वासनावर विसंबल्यास तीच गोष्ट सिद्ध करणे फार अवघड होते. दस्ताचा मसुदा मुलाच्या वकिलाकडून न करता, तुम्ही स्वतः निवडलेल्या वकिलाकडून करून घ्यावा.