पडवी, ओटी की व्हरांडा?

प्रश्न असा आलाय: गुहागरला जुन्या धर्तीचं घर बांधतोय. नकाशात पुढच्या भागाला आर्किटेक्टने 'व्हरांडा' लिहिलंय. आई त्याला पडवी म्हणते, काका ओटी, कुडाळची मामी लोटा. सगळे एकच का? आणि मामी खिडकीला जनेल म्हणते, ते कुठलं?

एकच नव्हेत. पडवी आणि ओटी तर एकाच घरातल्या, एकीला लागून एक अशा दोन जागा. अंगणातून पायऱ्या चढलात की पडवी, तिथून आणखी एखादी पायरी चढून ओटी, आणि ओटीच्या आत माजघर. ओटीवर झोपाळा आणि आल्यागेल्याची ऊठबस. पडवीत चपला, इरली, नारळाची सोडणं, पावसाळ्यात दोरीवर न वाळणारे कपडे. (ओटी भरतात ती ओटी निराळी.)

पडवीची खरी खूण मात्र छपरात आहे. घराचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, पुढे खाली ओढून आणलं की त्याखाली जी लांबट जागा मिळते ती पडवी. म्हणून ती बाजूला असते, मागेही असते. मागली पडवी म्हणतात, मागली ओटी कुणी म्हणत नाही. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात, मातीची भिंत भिजू नये, हे तिचं काम. तरी झड आत येतेच, मग झापं, म्हणजे झावळ्यांचे विणलेले पडदे, बांधायची. १८६५मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे गवत आणि नळे (अर्धगोल देशी कौलं) जाऊन मंगलोरी कौलं आली, पण उतार राहिला आणि पडवीही राहिली.

तेव्हा नकाशात आधी छप्पर बघा. सपाट स्लॅब पुढे काढून खाली चार खांब दिले असतील, तर त्याला पडवी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. होमस्टेवाले हल्ली अशा कशालाही 'ओसरी' लिहितात. ओसरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे देशावरच्या वाड्यातला चौक येतो.

मामीचा लोटा बरोबरच आहे. मालवणी मुलखात घराच्या पुढच्या बसाउठायच्या भागाला लोटा म्हणतात. गुहागरात मात्र लोटा मागितलात तर पाणी येईल.

आता व्हरांडा. तो इंग्रजांनी आणला अशी समजूत आहे, पण वास्को द गामाच्या १४९८च्या सफरीच्या पोर्तुगीज रोजनिशीत कालिकतच्या वर्णनात 'वरांडा' सापडतो. मूळ तिकडचं की इकडचं, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. मराठीत तो इतका रुळलाय की सपाट छपराखाली तोच चपखल बसतो. त्याऐवजी संस्कृतातला 'अलिंद' काढलात तर गवंडी तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

जनेल मात्र सरळ पोर्तुगीज, 'जनेला'वरून. आपली चावीही तिकडचीच. मामीला हसणाऱ्यांना सांगा, जुन्या मराठीत खिडकी म्हणजे लहान दारसुद्धा असे, माणूस आतबाहेर करील असं. गजांच्या झरोक्याला वेगळा शब्द हाताशी असणं सोयीचंच होतं.