छोट्या डिकीत सबवूफर बसवायचा आहे, कमी जागा खाणारा बॉक्स कोणता घ्यावा?

दुकानदार सांगतोय तो मोठा पोर्टेड, म्हणजे हवा आत-बाहेर जायला भोक (पोर्ट) ठेवलेला बॉक्स घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी स्विफ्ट आहे, दर महिन्याला पुण्याहून साताऱ्याला गावी जाणं असतं, येताना तांदळाची-ज्वारीची पोती आणि आई-वडिलांच्या बॅगा असतात, आणि तरीही दहा इंची सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर हवाय. अशा वापराला एकच बॉक्स योग्य आहे: सील्ड, म्हणजे कुठेही भोक नसलेला, मागच्या सीटच्या पाठीला टेकणारा पाचरीच्या आकाराचा बॉक्स, आणि त्यात शॅलो, म्हणजे कमी खोलीचा सबवूफर.

‘सील्डला बासच येत नाही’ हे वाक्य नाना पेठेपासून चिंचवडपर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. घराच्या हॉलमध्ये ते बऱ्यापैकी खरं आहे, पण हॅचबॅक गाडीत नाही. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक असलेल्या हॉफमन यांचा एक नियम या धंद्यात सगळे मानतात: छोटा बॉक्स, खोल बास आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तुम्हाला बॉक्स छोटा हवाय, बास खोल हवाय, म्हणजे किंमत पॉवरमध्ये मोजायची. क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारे ॲम्प्लिफायर आता आटोक्याच्या किमतीत मिळतात, त्यामुळे हा सौदा तोट्याचा नाही.

शिवाय गाडी स्वतः मदत करते. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर साधारण ७० हर्ट्‌झच्या खाली तिथे ध्वनीची अर्धी लहरसुद्धा मावत नाही. मग सबवूफर सगळ्या केबिनमधली हवा एकदम दाबतो आणि सोडतो, आणि फ्रीक्वेन्सी जितकी खाली जाईल तितका आवाज उचलला जातो. हिशोबाने ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत असते. काचा, पत्रे, फटी यांतून काही निसटतं, म्हणून प्रत्यक्षात कमी. आता गंमत बघा: सील्ड बॉक्सचा आवाज खाली उतरतानाचा उतारही सप्तकाला १२ डेसिबलच असतो. एक उतरतो, दुसरा चढतो, आणि कानाला बास बऱ्यापैकी सपाट लागतो. पोर्टेडचा उतार पोर्टच्या ट्यूनिंगखाली, म्हणजे पोर्ट ज्या फ्रीक्वेन्सीला जुळवलाय तिच्याखाली, २४ डेसिबलचा, म्हणजे तिथून खाली आवाज झपाट्याने कोसळतो. ढोलाचा ठोका किंवा तबल्याच्या डग्ग्याची मींड स्वच्छ ऐकायची असेल, तर मला सील्डच आवडतो. एकाच सुरावर दणदणाट हवा असेल तर पोर्टेड जिंकतो, हे मान्य. पण त्याला दहा इंचीसाठी आतून ३५ ते ५० लिटर जागा लागते, शिवाय पोर्टची वेगळी. तुमच्या डिकीची एकूण क्षमताच २६८ लिटरच्या आसपास आहे.

पाचरीचा आकार का, ते डिकी उघडून बघा. सीटची पाठ मागे कललेली असते, त्यामुळे तिच्याखाली तळाशी एक तिरकी मोकळी जागा राहते. ताठ बॅग तिथे शिरत नाही, म्हणून ती एरवीही वायाच जाते. बॉक्सची सीटकडची बाजू त्याच कलात कापून घेतली की तो तिथे घट्ट बसतो. मागची सीट ६०:४० दुमडणारी असेल तर बॉक्स ४० च्या बाजूला ठेवा, म्हणजे मोठी बाजू लांब सामानाला मोकळी राहते.

माप असं धरा: रुंदी ४५ सेंमी, उंची ३५, खोली तळाला २२ आणि वर १४, म्हणजे सरासरी १८. बाहेरून हा २८ लिटरच्या थोडा वर जातो. १८ मिमी जाडीच्या भिंती वजा केल्या की आत उरतात सुमारे साडेअठरा लिटर, आणि सबवूफरचं चुंबक आणि बास्केट (धातूचा सांगाडा) त्यातून आणखी एक-दीड लिटर खातं. हातात राहिले १७, म्हणजे ०.६ घनफूट. बरेच शॅलो दहा इंची एवढ्यात समाधानाने चालतात, पण ‘बरेच’वर विसंबू नका. आधी सबवूफर ठरवा, त्याच्या माहितीपत्रकात सील्डसाठी किती आकारमान दिलंय ते वाचा आणि मग सुताराला माप द्या. आधी बॉक्स आणि नंतर त्यात मावेल तो स्पीकर, हा क्रम दुकानात सर्रास चालतो आणि आवाजाची अर्धी वाट तिथेच लागते. नेहमीच्या दहा इंचीला १३ ते १५ सेंमी खोली लागते, शॅलोला ८ च्या आसपास. चुंबकाच्या मागे हवेचं भोक असेल तर त्यामागे दोन-तीन सेंमी मोकळं सोडायला सांगा. आकारमान किंचित कमी पडलं तर आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरा, स्पीकरला बॉक्स थोडा मोठा भासतो.

पैसे देण्याआधी एक काम कराच. याच बाहेरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा, तो डिकीत ठेवून गावी जाऊन या. पोती, बॅगा, वाटेत घेतलेले कंदी पेढे, सगळं बसलं तर बॉक्स करायला द्या.

लाकडाबद्दल माझं मत ठाम आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, आवाजाला उत्तम आणि कापायला सोपा, पण पुण्याच्या पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीतच जातात, आणि एमडीएफची कड एकदा पाणी प्यायली की फुगते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ७१० ग्रेडचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय आणा, किंवा एमडीएफच घेतला तर कार्पेट चिकटवण्याआधी सगळ्या कडांना सीलर मारून घ्या. चाकामागच्या कोनाड्यात फायबरग्लासचा बॉक्सही करतात. तो दिसतो सुरेख, पण महाग पडतो आणि गाडी बदलली की निरुपयोगी होतो.

तयार बास ट्यूब, म्हणजे नळकांड्यासारखा बॉक्स, मला पटत नाही, गोल असल्याने तिच्या आजूबाजूची जागा वाया जाते. स्टेपनीच्या रिमच्या पोकळीत बसणारे ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेले सबवूफर मिळतात, जेबीएलचा आहे, पण रिमचं माप जुळलं पाहिजे आणि पंक्चर झालं की आधी तो उपसायचा. सीटखालचे पायोनियर, केनवुड वगैरेंचे बारके ॲक्टिव्ह सबवूफर डिकीला हातही लावत नाहीत, मात्र ४० हर्ट्‌झच्या खाली त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

गाडी सीएनजी असेल तर मात्र माझं उत्तर हेच, सीटखालचा. टाकी डिकीत असताना पुढे बॉक्स कोंबून व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचणं बंद करू नका. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) असते, तेव्हा सगळं उपसावं लागेल ते वेगळंच.

प्लायचा हा बॉक्स सबवूफरसकट दहा-बारा किलोंच्या घरात जातो. खंबाटकी घाटात करकचून ब्रेक लागला तर तो सुटा असता कामा नये. सीटच्या किंवा डिकीतल्या हुकांना पट्ट्याने आवळून घ्या. जमिनीला आरपार स्क्रू मारू देऊ नका, खाली पेट्रोलची टाकी आणि पाइप असतात.

पॉवर बघताना ‘१२०० वॉट’ या स्टिकरकडे दुर्लक्ष करून आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या पॉवरचा आकडा वाचा. २५० ते ३०० वॉट आरएमएस तुम्हाला पुरे. २५० वॉटला क्लास डी ॲम्प साधारण २३ अँपिअर ओढतो, तेव्हा वायर शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, आणि फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत लावून घ्या. फिटिंगवाला फ्यूज ॲम्पजवळ लावून मोकळा होत असेल तर थांबवा. मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज काही वाचवत नाही.

सबवूफरचं तोंड मागच्या दाराकडे ठेवा. दाराच्या आतलं प्लास्टिक आणि नंबर प्लेट खडखडायला लागतील, तिथे कंप शोषणारी डॅम्पिंग शीट आणि फोमच्या पट्ट्या लावा. आणि बासचा रिमोट नॉब डॅशबोर्डखाली बसवून घ्याच, कारण हायवेला टायरची घरघर खालचे सूर गिळते आणि बास वाढवावा लागतो, तर सिंहगड रोडच्या सिग्नलला उभं राहिलात की तोच बास शेजारच्या रिक्षावाल्याला नकोसा होतो.