पार्क पॉइंटवर, धुक्याच्या सकाळी

अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या डुलूथला नवा आहेस म्हणून सांगतो, पक्षी बघायचे तर मे महिन्यात ऊन पडायची वाट बघत घरी बसू नकोस. रात्री दक्षिणेचा वारा आणि पहाटे सरोवरावरून गार पूर्वेचा वारा, वर धुकं नाहीतर पाऊस, असं जुळलं की सरळ पार्क पॉइंट गाठ. लेक सुपीरिअरचं पाणी तेव्हाही हाडं गोठवणारं असतं. रात्रभर उडून दमलेले, जेमतेम दहा ग्रॅमचे वॉर्ब्लर, म्हणजे चिमुकले स्थलांतरी पक्षी, त्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर उतरतात. झाडांवरचे किडे गारठलेले, मग एरवी शेंड्यावर राहून आपली मान दुखवणारा ब्लॅकबर्नियन वॉर्ब्लर चक्क पायाशी पडलेल्या ओंडक्यावर माश्या टिपत असतो. दुर्बीणही लागत नाही.

दक्षिणेतले चुकार पक्षीही याच दिवसांत भेटतात. मागून वारा मिळाला की मुक्काम ओलांडून पुढे येतात. पण लाल पक्षी दिसला की लगेच ‘समर टॅनेजर!’ (दक्षिणेतला लाल पाहुणा) असा मेसेज टाकू नकोस. आधी पंख बघ. काळे असतील तर तो स्कार्लेट टॅनेजर, म्हणजे इथला नेहमीचाच. पंखांसकट लाल आणि चोच फिकट, दणकट असेल तर समर. तुरा असेल तर कार्डिनल. (हसू नकोस, पहिल्या वर्षी मी हीच माती खाल्ली होती.) फोटो आधी, नाव नंतर; ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, दुर्मीळ नोंद टाकलीस की तपशील विचारतात, त्याचा राग मानू नकोस.

आणि दमलेल्या पक्ष्यामागे फोटोसाठी धावायचं नाही. त्यातल्या कित्येकांना अजून कॅनडा गाठायचाय.

हातमोजे घे. मे असला तरी.