पुरुष लेखकाने फँटसी कादंबरीत लेस्बियन नायिका लिहावी का?

जरूर लिहावी. पण लिहिण्याआधी शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ ही रक्तपिशाच्चाची कथा वाचा. डब्लिनच्या या लेखकाने ती 1872 साली पुस्तकात आणली, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या 25 वर्षं आधी. गोष्ट सांगते लॉरा, ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात एका एकाकी गढीत वडिलांसोबत राहणारी मुलगी. कार्मिला पाहुणी म्हणून येते आणि लॉराला तिची ओढही वाटते, किळसही. ही दुहेरी भावना लॉराच्याच तोंडून येते, म्हणून खरी वाटते. त्या दोघींकडे पाहणारा पुरुष मध्ये उभा नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

खटकतो तो पुढचा भाग. दुसऱ्या बाईवर प्रेम करणारी बाई इथे रक्तपिपासू आहे आणि पुरुष मिळून तिच्या छातीत खुंटी ठोकतात. तरी शेवटी लॉराला दिवाणखान्याच्या दाराशी तिची हलकी पावलं ऐकू येतात. ल फानूलाही तिला पुरतं मारता आलं नाही!

(फँटसी नव्हे, पण तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातही मित्रा म्हणजे सुमित्रा या लेस्बियन नायिकेचा शेवट मृत्यूच. आणि तिची गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र.)

म्हणून तुमच्या नायिकेला प्रेमाखेरीज काहीतरी हवंसं असू द्या: राज्य, विद्या, सूड, काहीही. प्रणयप्रसंग लिहिताना तो कोणाच्या नजरेतून दिसतोय ते तपासा. मसुदा दोन-तीन लेस्बियन वाचकांना दाखवा. आणि कृपा करून तिला जगू द्या.