तुमचे प्रश्न: जोशींचा वाढदिवस आणि माळ्यावरची अमिगा

मागच्या अंकात जुन्या घरगुती कॉम्प्युटरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि ईमेलचा नुसता पाऊस पडला. त्यातली निम्मी व्हायरसबद्दल, म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, दोघांनी तशी विनंती केली होती आणि मग म्हटलं सगळ्यांनाच एक न्याय.

प्रश्न: माझे काका जर्मनीत नोकरीला होते, १९९० च्या आसपास परत येताना कमोडोर अमिगा ५०० आणि दोन डबे भरून फ्लॉप्या घेऊन आले. परवा माळा आवरताना ते सगळं सापडलं आणि मशीन चक्क चालू झालं! पण बऱ्याच गेमच्या फ्लॉप्या नुसत्या घरघर करून थांबतात, आणि मध्येच एकदा स्क्रीनवर 'तुमची अमिगा जिवंत झालीये' अशा अर्थाचं काहीतरी इंग्लिशमध्ये आलं. हा व्हायरस आहे का? आणि या फ्लॉप्या लॅपटॉपवर घेतल्या तर लॅपटॉपला लागेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आधी फ्लॉपी बाहेर काढा आणि मशीन पॉवरच्या बटणाने बंद करा, कंट्रोल आणि दोन अमिगा कीवाल्या रीसेटने नाही. अर्धा मिनिट थांबा. मग पुढचं वाचा.

तुम्हाला जो मेसेज दिसला तो एससीए व्हायरसचा. एससीए म्हणजे स्विस क्रॅकिंग असोसिएशन, स्वित्झर्लंडमधली गेमचं कॉपी प्रोटेक्शन फोडणारी पोरं, आणि हा व्हायरस नोव्हेंबर १९८७ मध्ये बाहेर पडला. 'समथिंग वंडरफुल हॅज हॅपन्ड, युअर अमिगा इज अलाइव्ह' अशी सुरुवात, आणि पुढे तुमच्या काही डिस्कना व्हायरस लागलाय ही आनंदाची बातमी. प्रत्येक पंधराव्या कॉपीला हा मेसेज यायचा, म्हणजे दिसेपर्यंत चौदा फ्लॉप्या गुपचूप लागून गेलेल्या असायच्या.

आता गंमत अशी की एससीएला काही मोडायचं नव्हतंच, नुसती फुशारकी मारायची होती. पण अमिगाच्या फ्लॉपीवरचे पहिले दोन सेक्टर म्हणजे बूटब्लॉक, एकूण १०२४ बाइट, मशीन सुरू झालं की पहिल्यांदा हेच वाचलं जातं. साध्या डेटाच्या फ्लॉपीवर तिथे ठरलेला छोटासा कोड असतो, त्याच्यावर व्हायरस बसला तरी फ्लॉपी बिचारी चालत राहते. पण पुष्कळ गेमवाले त्या १०२४ बाइटमध्ये स्वतःचा लोडर ठेवायचे, तोच गेमचा दरवाजा, आणि एससीएने तिथे स्वतःला लिहिलं की दरवाजाच गेला, आत गेम पूर्ण शाबूत पण उघडणार कसा. तुमच्या घरघर करणाऱ्या फ्लॉप्यांतल्या काही अशाच गेलेल्या असणार. बाकीच्या वयाने गेल्या असतील तेही आहेच म्हणा, पस्तीस वर्षं माळ्यावर काढलीत त्यांनी.

आणि यावरचा उपायही तसाच घातक आहे बरं का. अमिगाडॉसमध्ये, म्हणजे अमिगाच्या डिस्क सांभाळणाऱ्या सिस्टिममध्ये, इन्स्टॉल म्हणून कमांड आहे ती बूटब्लॉक नव्याने लिहून देते, व्हायरस जातो. डेटाच्या फ्लॉपीला ठीक. उत्साहाच्या भरात ती गेमच्या डिस्कवर मारलीत की जे व्हायरसने केलं नव्हतं ते तुम्ही स्वतःच्या हाताने केलं. त्या काळात असे किती गेम औषधानेच मेले असतील कोणास ठाऊक.

एससीएच्या पाठोपाठ १९८८ च्या सुरुवातीला बाइट बँडिट आला, हा काही वेळाने स्क्रीन काळी करायचा, मशीन मेल्यासारखं, आणि डावा ऑल्ट, डावी अमिगा, स्पेस, उजवी अमिगा, उजवा ऑल्ट अशी पाच बटणं एकदम दाबली की परत जिवंत. माहिती नसलेला माणूस अर्थातच रीसेट मारायचा, आणि रीसेटला हे व्हायरस मेमरीतून जातच नाहीत, उलट पुढची जी फ्लॉपी टाकाल तिला लागतात. म्हणून सुरुवातीला पॉवरने बंद करा म्हटलं.

खरी भीती बाळगायची ती लेमर एक्स्टर्मिनेटरची, १९८९ चा. हा अंदाजाने एखादा ब्लॉक निवडतो आणि त्यात 'लेमर!' हा शब्द ८४ वेळा लिहून ठेवतो. ८४ गुणिले सहा अक्षरं म्हणजे ५०४ बाइट, अख्खा सेक्टर जवळजवळ भरला. डिस्क मॉनिटरमध्ये (डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) तो सेक्टर उघडून बघितला तर ओळीच्या ओळी लेमर लेमर लेमर, शाळेत फळ्यावर शंभर वेळा लिहायची शिक्षा व्हायची ना तसं दिसतं. तिथे आधी काय होतं ते गेलं ते गेलंच. वर हा मेमरीत असताना तुम्ही बूटब्लॉक बघायला गेलात तर तुम्हाला स्वच्छ बूटब्लॉक दाखवतो, स्वतःला लपवून. त्यामुळे लागलेल्या मशीनवर तपासणी करून काही उपयोग नाही, आधी पॉवर बंद, मग खात्रीच्या फ्लॉपीवरून बूट (म्हणजे मशीन सुरू करणं), मग तपासणी.

लॅपटॉपची काळजी सोडा. हे सगळं मोटोरोला ६८००० चिपच्या भाषेत लिहिलेलं आहे, तुमच्या लॅपटॉपला त्यातलं अक्षर कळत नाही. शिवाय अमिगाच्या ८८० केबीच्या फ्लॉप्या साध्या पीसी ड्राइव्हला वाचताच येत नाहीत, त्यासाठी ग्रीझवीझलसारखं छोटं बोर्ड लागतं, ते मिळतं आणि फार महागही नाही. मात्र एम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्या इमेज (फ्लॉपीची जशीच्या तशी कॉपी असलेल्या फायली) चालवणार असाल तर फायली रीड ओन्ली करून ठेवा, कारण एम्युलेटरच्या आत ती खरीखुरी अमिगाच असते आणि व्हायरस तिथे आपलं काम इमानेइतबारे करतो. आणि कॉपी घेण्याआधी प्रत्येक फ्लॉपीची कोपऱ्यातली खिटी सरकवून खिडकी उघडी करा. साडेतीन इंचीला खिडकी उघडी म्हणजे लिहायला बंदी. जुन्या सव्वापाच इंचीला बरोब्बर उलटं होतं, तिथे खाच चिकटपट्टीने झाकली की बंदी, आणि या उलटसुलटपणामुळे भलेभले फसलेत.

प्रश्न: आमच्या शाळेत ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो आले होते, आठवड्यातून एक तास हात लावायला मिळायचा. तेव्हा व्हायरस हा शब्द कधी ऐकलाच नाही. ते मशीन जास्त सेफ होतं का? (एक निवृत्त शिक्षिका, नागपूर)

उत्तर: ती क्लास नावाची योजना, १९८४ साली सुरू झालेली, आणि कॉम्प्युटर इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे. मॅडम, सेफ वगैरे काही नव्हतं हो, पण त्याची रचनाच अशी होती की व्हायरसला राहायला जागा नाही. ऑपरेटिंग सिस्टिम आणि बेसिक दोन्ही रॉममध्ये, म्हणजे चिपमध्ये कायमचं कोरलेलं. स्विच दाबला की टुंग करून तयार, फ्लॉपीवरून काही उचलायची गरजच नाही. आणि बंद केलं की मेमरी पाटीसारखी कोरी.

बूटब्लॉकमधून पसरणाऱ्या अशा व्हायरसला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे मशीन सुरू होताना फ्लॉपीवरचा कोड आपोआप चालला पाहिजे आणि दुसरी म्हणजे तीच फ्लॉपी चार घरं फिरली पाहिजे. ॲपल टू वर दोन्ही होतं. म्हणून १९८२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या पोराने एल्क क्लोनर लिहिला तो ॲपल टू साठी. हा पोरगा मित्रांना गेमच्या कॉपीत खोड्या करून द्यायचा, मित्र शहाणे झाले, त्याच्याकडून फ्लॉपी घेईनात, मग त्याने असं काहीतरी लिहिलं की फ्लॉपीला हात न लावता खोडी पोचेल. पन्नासाव्या बूटला एक कविता यायची, बास. तरीही ज्या डिस्कवर नेहमीचं डॉस (डिस्क चालवणारी सिस्टिम) नव्हतं त्यांचे राखीव ट्रॅक त्याच्याखाली चिरडले गेलेच, म्हणजे परत तेच, इरादा नव्हता पण नुकसान झालं. पुढे १९८८ मध्ये त्याच ॲपल टू वर फेस्टरिंग हेट वगैरे आले त्यांचा मात्र इरादाच वाईट होता.

कमोडोर ६४ पण रॉमवालाच, तिथेही व्हायरस मोजकेच. बीएचपी नावाचा एक जर्मन व्हायरस होता १९८६ चा, तो जाडोबा म्हणून हाक मारून सांगायचा की हा खरा व्हायरस आहे.

प्रश्न: टीव्हीवरच्या एका क्विझमध्ये पहिला व्हायरस ब्रेन असं उत्तर बरोबर दिलं. तुमच्या मते? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: पीसीवरचा पहिला म्हणायचं असेल तर बरोबर. १९८६, लाहोरचे बासित आणि अमजद फारूक अल्वी हे भाऊ, त्यांनी आपलं सॉफ्टवेअर चोरणाऱ्यांना धडा म्हणून केला आणि आत स्वतःचं नाव पत्ता फोन नंबर सगळं घातलं! २०११ मध्ये मिको हायपोनेन हा फिनलंडचा व्हायरसतज्ज्ञ त्या पत्त्यावर गेला तर भाऊ तिथेच. पण घरगुती कॉम्प्युटर धरलेत तर एल्क क्लोनर चार वर्षं आधीचा. क्विझवाल्यांना माझा निरोप सांगा.

प्रश्न: माझं आडनाव जोशी. ऑफिसमधले सीनियर दर ५ जानेवारीला मला हॅप्पी बर्थडे म्हणतात आणि हसत सुटतात. माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे. काय भानगड आहे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: तुमच्या सीनियरांचं वय कळलं! जोशी नावाचा बूट सेक्टर व्हायरस (डिस्कच्या सुरुवातीच्या, मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेक्टरमध्ये बसणारा) होता, जून १९९० मध्ये भारतात सापडला, फ्लॉपीवरून पीसीच्या हार्ड डिस्कमध्ये शिरायचा. दर ५ जानेवारीला मशीन गोठायचं आणि स्क्रीनवर 'हॅप्पी बर्थडे जोशी' टाइप करा असा हुकूम. निमूट टाइप केलं की मशीन सुटलं.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका ओळीत सहा मशीन, सहावर तीच ओळ, आणि प्रॅक्टिकलचे सर (तेही जोशीच, काय सांगू) लालबुंद होऊन विचारतायत हा चावटपणा कोणी केला. त्यांना खरंच वाटलं पोरांनी केलंय. शेवटी एकाने घाबरत घाबरत टाइप केलं, मशीन चालू झालं, सर आणखीनच भडकले.

तो मशीनमध्ये आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण होती. चेकडिस्क मारायचं आणि खाली टोटल मेमरीचा आकडा बघायचा. ६४० केबीच्या मशीनवर ६५५३६० यायला पाहिजे, जोशीबुवा साधारण ६ केबी अडवून बसायचे म्हणून ६४९२१६ च्या आसपास यायचा. राहायची सोय पण झकास, ३६० केबीच्या फ्लॉपीवर चाळीस ट्रॅक वापरात असतात तर हा एक्केचाळिसावा ट्रॅक स्वतः फॉरमॅट करून उरलेला कोड तिथे ठेवायचा, वाड्याच्या मागे पत्र्याची खोली काढावी तसा. त्याच पिढीचा मायकेलअँजेलो मात्र ६ मार्चला हार्ड डिस्कच खायचा, आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांच्या धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, त्याच्यावर टूल लिहिलं तिथून पुढे क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी राहिली.

प्रश्न: मी बीएससी आयटीला आहे. आजच्या रॅन्समवेअरपुढे हे सगळे पोरखेळ वाटतात. त्यातला खरंच डेंजर कोणता होता? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: पोरखेळ म्हणू नकोस, हार्ड डिस्क २० एमबीची आणि दुसरी कॉपी कुठेच नाही अशा माणसाला विचार.

बहुतेक लोक मोठा आवाज करणाऱ्याचं नाव घेतील. १९८७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लिहाय युनिव्हर्सिटीत एक व्हायरस आला, चार कॉपी झाल्या की डिस्कचा बूट सेक्टर आणि फॅट (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची यादी) पुसून टाकायचा, म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिकाच फाडली. भयंकर. पण झालं काय, इतक्या लवकर मारल्यामुळे लगेच बोभाटा झाला आणि तो कॅम्पसबाहेर पडलाच नाही. जेरुसलेम, शुक्रवार १३ वाला, त्या दिवशी चालवाल तो प्रोग्राम डिलीट करायचा, पण त्यात एक चूक होती, तीच ईएक्सई फाइल परत परत लागायची आणि दरवेळी १८०० च्या वर बाइटनी फुगायची, शेवटी मेमरीत मावेना, त्याच्यावरून लोकांना कळायचं.

माझं मत विचारशील तर बल्गेरियाचा डार्क ॲव्हेंजर, १९८९. लागलेला प्रोग्राम सोळाव्यांदा चालला की डिस्कवरचा कुठलातरी एक सेक्टर खराब करायचा. एकच. मेसेज नाही काही नाही. समज तू सोमवार ते शनिवार सहा फ्लॉप्यांवर आळीपाळीने बॅकअप घेतोयस, अगदी शिस्तीत. पहिल्या आठवड्यात एका खतावणीतली पाच सहा नावं गेली, कोणी बघितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सहाही फ्लॉप्यांवर नासकी खतावणी चढली, आणि चांगली होती ती तुझ्याच हाताने पुसली गेली. मार्चमध्ये हिशोब लागेना तेव्हा कळणार, आणि तेव्हा मागे जायला काही उरलेलंच नाही. रॅन्समवेअर निदान सांगतो तरी की बाबा मी आलोय.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या फ्लॉप्या आहेत, त्यातल्या काहींना व्हायरस लागलाय असं त्यांनी लेबलवर लिहून ठेवलंय. त्या बाकीच्यांपासून वेगळ्या कपाटात ठेवू का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर: शेजारी ठेवल्याने लागत नाही हो, कपाटातून पसरायला तो काही गोवर नाही. पण हसत नाहीये मी, आमच्याकडे लॅबबाहेर चपला काढायला लावायचे आणि निम्म्या वर्गाची समजूत होती की ते व्हायरससाठीच.

वेगळ्या मात्र ठेवाच, दुसऱ्या कारणासाठी. कोकणातली हवा. फ्लॉपीची झडप बोटाने सरकवून आतली काळी तबकडी उजेडात तिरकी धरून बघा, पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी, आणि ती मात्र खरंच पसरते. तशी एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की बुरशी हेडला चिकटते आणि त्याच्यानंतर टाकलेली प्रत्येक चांगली फ्लॉपी घासली जाते. चुकून टाकलीच असेल तर दुसरी टाकण्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापूस नको, त्याचे धागे आत राहतात.