कॅमेऱ्याची सक्ती नको, थांबायला शिक

अनेक आशीर्वाद.

'ऑनलाइन वर्गात मुलांचे कॅमेरे बंद असतात, काळ्या चौकोनांशी बोलतेय असं वाटतं. कॅमेरा सक्तीचा करू का?' हा तुझा प्रश्न डोक्यातून जात नाही. नको करूस. सातवीतल्या मुलीचं घर एका खोलीचं असेल, दिवसाचा दीड जीबी डेटा भावंडांत वाटून घ्यायचा असेल. चेहरे दिसले की तुला बरं वाटेल, तिला मात्र संकोच वाटेल.

त्यापेक्षा प्रश्न विचारलास की थांब. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. हे झालं समोरासमोरच्या वर्गाचं. मोबाइलवर मुलाला विचार करायचा असतो, माइकचं बटण शोधायचं असतं, घरच्यांना गप्प करायचं असतं. वर आवाज उशिरा पोहोचतो. म्हणून मनात दहापर्यंत मोज. मध्येच 'कुणालाच येत नाही का?' म्हणालीस, की माइकपाशी गेलेला हात मागे येतो. आणि नाव पुकारून अचानक प्रश्न अंगावर टाकू नकोस. 'दोन मिनिटांनी तुला छेदाबद्दल विचारेन' असं आधी सांगून ठेव.

अपूर्णांकांचा भागाकार घेतेयस ना? विचार, पाऊण लिटर दुधात अर्ध्या लिटरची मापं किती? उत्तर चॅटमध्ये लिहायला सांग, पण पाठवायचं नाही. पुन्हा थांब. तू 'आता' म्हणालीस की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. नाहीतर दोन चपळ मुलांची उत्तरं झळकतात आणि बाकीचे विचार करणं सोडतात. 'दीड'सोबत 'तीन अष्टमांश'ही येईल. तिथे भागाकाराऐवजी गुणाकार झालाय. कुणाचंही नाव न घेता तेवढंच समजाव.

गैरहजर मुलाला ग्रुपवर जाब विचारू नकोस. त्याच संध्याकाळी त्याला एकट्याला मिनिटभराचा आवाजी निरोप पाठव: आज काय झालं, कुठलं उदाहरण सोडवायचं, आणि त्याच्या मागच्या वहीतली एखादी नेमकी पायरी, जी त्याने बरोबर मांडली होती. 'छान, असाच अभ्यास कर' यातून त्याला काहीच कळत नाही. घरात एकच फोन असेल, तर तो वडिलांबरोबर रात्रीच परततो. उत्तर आलं नाही म्हणून लगेच दुसरा निरोप धाडू नकोस. इथेही थांबच.

अशाने अभ्यासक्रम मागे पडतो, हे मला पुष्कळांनी ऐकवलंय. मी मुळीच मानत नाही. सहा प्रश्नांना दहा-दहा सेकंद म्हणजे एक मिनिट. चाळीस मिनिटांच्या तासात 'आवाज येतोय ना?' विचारण्यात याहून जास्त वेळ जातो, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही!

सोमवारपासून सुरू कर. पहिल्या दिवशी चॅटवर चार-पाचच उत्तरं आली तरी पद्धत बदलू नकोस. आठवड्याने 'आता'वर किती जणांनी उत्तर पाठवलं, ते मला कळव.