सरासरी स्थान घसरलं, क्लिक मात्र तेवढेच : वेबसाइटच्या आकड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर्च कन्सोलमध्ये (गुगल शोधात आपली साइट कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) आमच्या एका पानाचं सरासरी स्थान महिन्याभरात ३ वरून ३० च्या पुढे गेलं. सीटीआर (पान जितक्या वेळा दिसलं त्यातल्या क्लिकची टक्केवारी) १० टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आला. क्लिक मात्र होते तेवढेच आहेत. गुगलने साइटवर कारवाई केली असेल का?

उत्तर : क्लिक टिकून आहेत, तेव्हा घाबरू नका. नियम मोडल्याबद्दल गुगलने मुद्दाम कारवाई केली, तर तिची नोंद सर्च कन्सोलमधल्या ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ पानावर दिसते. ते पान एकदा उघडून पाहा. तिथे काही नसेल तर ती शंका सोडून द्या.

तुमचे आकडे कसे बदलले असतील ते मांडून पाहू. समजा, हे पान एका शोधासाठी १०० वेळा दिसलं, प्रत्येक वेळी तिसऱ्या स्थानावर, आणि १० क्लिक मिळाले. सरासरी ३, सीटीआर १० टक्के. पुढच्या महिन्यात तेच पान आणखी काही शोधांसाठी चाळिसाव्या स्थानावर ३०० वेळा दिसलं. जुन्या शोधात काडीचाही फरक पडलेला नाही. तरीही १०० वेळा ३ आणि ३०० वेळा ४० यांची बेरीज होते १२,३००. तिला ४०० ने भागलं की सरासरी ३०.७५. क्लिक १०च, इंप्रेशन (निकालात दिसण्याची संख्या) ४००, म्हणून सीटीआर २.५ टक्के. म्हणजे पानाचं काही बिघडलेलं नसतानाही हे आकडे असेच दिसतात. उलट, पान नव्या शोधांसाठी दिसू लागलं, ही चांगली गोष्ट आहे.

तुमच्या बाबतीत हेच झालं का, हे तपासायला परफॉर्मन्स अहवालात आधी ते पान निवडा, मग तारखांमध्ये ‘तुलना’ घ्या. गेले २८ दिवस आणि त्याआधीचे २८ दिवस घेतले की दोन्हीकडे शनिवार-रविवार सारखेच येतात. महिन्याशी महिना ताडला की तिथेच गफलत होते. आता क्वेरीजची (लोकांनी टाइप केलेल्या शोधांची) यादी इंप्रेशनच्या फरकानुसार लावा. वर आलेले शोध नवे आणि खालच्या स्थानांवरचे असतील, तर उलगडा झाला. तुमच्या मुख्य शोधाचं स्थान स्वतंत्रपणे पाहा. तेच ३ वरून ८ वर गेलं असेल, तर मात्र कामाला लागा. यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरेल. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीत दाखवले जात नाहीत आणि यादीही १,००० ओळींवर थांबते.

सर्च कन्सोल १६ महिन्यांपूर्वीचा डेटा ठेवत नाही. दर महिन्याला तो उतरवून घेण्याची सवय आजच लावा.

प्रश्न : त्याच कालावधीत सर्च कन्सोल १,००० क्लिक सांगतं आणि गुगल ॲनालिटिक्स ७०० सत्रं. खरं कोणतं मानायचं?

उत्तर : दोन्ही खरं, कारण मोजमापाची जागाच वेगळी आहे. क्लिक मोजला जातो गुगलच्या निकालांच्या पानावर. सत्र, म्हणजे साइटला दिलेली एक भेट, मोजलं जातं तुमच्या पानावरचा टॅग (ॲनालिटिक्सचा छोटा कोड) ब्राउझरमध्ये चालला तर. टॅग चालू होण्याआधीच माणूस मागे फिरला, त्याने ॲड ब्लॉकर लावलेला असला किंवा कुकीला नकार दिला, तर क्लिक नोंदला जातो, पण सत्र बहुधा हुकतं. शोधातून थेट पीडीएफ उघडली तरी तेच. एकाने अर्ध्या तासात दोन वेगळे शोध घेऊन साइट उघडली, तर क्लिक दोन आणि सत्र एक. शिवाय सर्च कन्सोलचा दिवस पॅसिफिक वेळेनुसार बदलतो, ॲनालिटिक्सचा तुम्ही निवडलेल्या टाइम झोननुसार. तुलना करताना ॲनालिटिक्समध्ये सोर्स गुगल आणि मीडियम ऑरगॅनिक (जाहिरातीविना आलेले) एवढंच घ्या, नाहीतर इतर सर्च इंजिनंही त्यात मिसळतात.

आकडे जुळवत बसू नका, त्यांचं प्रमाण आठवड्यागणिक पाहा. ते ०.७ च्या आसपास राहिलं तर ठीक. एकाएकी ०.४ झालं, तर एखाद्या टेम्प्लेटमधून (पानांच्या साच्यातून) टॅग उडालाय असं धरा आणि लँडिंग पेजनुसार (माणूस आधी ज्या पानावर येतो त्यानुसार) फोड करून तो कुठला ते शोधा. दुसरी खूण बाउन्स रेटची, म्हणजे ‘एंगेज्ड’ (रस घेऊन पाहिलेली) न ठरलेल्या सत्रांच्या टक्केवारीची. तो एका रात्रीत शून्याजवळ आला, तर आनंदाने अहवाल पाठवण्याआधी टॅग दोनदा लागला नाही ना, ते पाहा. सत्रात दोन पेजव्ह्यू झाले की ॲनालिटिक्स ते ‘एंगेज्ड’ धरतं, आणि दुहेरी टॅग एकाच पानाचे दोन पेजव्ह्यू पाठवतो.

आणखी एक सेटिंग बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं : ॲनालिटिक्सच्या ॲडमिनमधलं डेटा रिटेन्शन (डेटा किती काळ ठेवायचा ते). ते मुळात २ महिन्यांवर असतं. १४ महिने करा. एक्सप्लोरेशन्समधून (ॲनालिटिक्समधले स्वतः रचायचे अहवाल) गेलेला डेटा परत मिळत नाही.

प्रश्न : पेजस्पीड चाचणीत ९५ गुण मिळतात, तरी कोअर वेब व्हायटल्सच्या (पानाचा वेग, प्रतिसाद आणि स्थिरता यांचे गुगलचे निकष) अहवालात पानं नापास. असं का?

उत्तर : गुण हे एका कृत्रिम लोडचे असतात. नापास ठरवलंय ते खऱ्या वापरकर्त्यांच्या गेल्या २८ दिवसांच्या अनुभवाने. निकष असे : दर १०० भेटींपैकी किमान ७५ भेटींत एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (बटण दाबल्यावर पान प्रतिसाद द्यायला घेतं तो वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत आणि सीएलएस (मजकूर किती सरकतो त्याचं माप) ०.१ पर्यंत. चाचणीत कोणी बटण दाबत नाही, त्यामुळे आयएनपी तिथे मोजलाच जात नाही.

नापास एलसीपी असेल, तर चाचणीच्या अहवालात त्याचा घटक कोणता ते दिलेलं असतं. बहुतेकदा ते पानाच्या माथ्यावरचं मोठं चित्र असतं. त्याला लेझी लोडिंग (चित्र नजरेजवळ येईपर्यंत न उतरवणं) लावलेलं असेल तर आधी काढा. सगळ्या चित्रांना सरसकट ते लावणारी प्लगइन्स इथेच घात करतात. चित्र सीएसएसच्या (पानाची मांडणी-सजावट ठरवणारा कोड) बॅकग्राउंडमध्ये असेल, तर ब्राउझरला ते उशिरा सापडतं. ते साध्या इमेज टॅगमध्ये आणा आणि फेचप्रायॉरिटी (ते आधी उतरवण्याची सूचना) ‘हाय’ ठेवा. रुंदी-उंची लिहायला विसरू नका, म्हणजे चित्र आल्यावर मजकूर खाली सरकणार नाही. पण सर्व्हरकडून पहिला बाइट यायलाच दीड सेकंद लागत असेल, तर आधी कॅशिंग (पानाची तयार प्रत ठेवणं) आणि होस्टिंग पाहा. ही वेळ ०.८ सेकंदाच्या आत हवी.

दुरुस्तीनंतर २८ दिवस जुन्या भेटीही हिशेबात राहतात. चौथ्या दिवशी अहवाल तसाच दिसला म्हणून केलेलं काम उलटवू नका.

प्रश्न : एक जुनं पान गुगलमधून काढायचं होतं. त्यावर नोइंडेक्स (निकालात दाखवू नका, ही सूचना) लावलं, रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्येही (सर्च इंजिनांनी काय वाचायचं नाही ते सांगणारी फाइल) अडवलं. तरी ते निकालात दिसतंच.

उत्तर : दुसऱ्या उपायाने पहिला निकामी केला. रोबॉट्स डॉट टीएक्सटी पान वाचायला मनाई करतं. वाचताच आलं नाही तर त्यावरची नोइंडेक्सची सूचना गुगलला कळणार कशी? मनाईची ओळ काढा, यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पान तपासून पुन्हा इंडेक्सिंगची विनंती करा आणि पान निकालातून गेल्यावरच, गरज वाटली तर, मनाई पुन्हा लावा. घाई असेल तर सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्समधून ते सुमारे ६ महिने लपवता येतं, मात्र तेवढ्या काळात नोइंडेक्स वाचलं जायला हवं.